फळ्यांखालची ओल

परभणी, ज्येष्ठ वद्य ४, शके १८६०

सौ. प्रमोदिनीवन्संना सुमंगलावहिनीचा नमस्कार.

अक्षर ओळखून कपाळाला आठी घालाल, हे मला ठाऊक आहे. घाला, पण पत्र चुलीत टाकायच्या आधी एकदा वाचा. माघात तुम्ही ओटी न घेता टांग्यात बसलात, तेव्हापासून अकोल्याहून खुशालीची एक ओळ नाही. मोगलाईतलं टपाल वऱ्हाडात लवकर पोचत नाही, अशी मी सासूबाईंची समजूत घालते. त्याही भल्या, ती घालून घेतात.

समेट करायला हे लिहीत नाही. त्याला घरात मोठी माणसं आहेत. माझं स्वतःचं काम आहे, आणि ते तुमच्यावाचून व्हायचं नाही.

मला दिवस गेले आहेत. तुमच्या दादांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाईंना संशय येऊ नये म्हणून मी महिन्याच्या महिन्याला खोटीच बाजूला बसते. कोपऱ्यात घोंगडी, वेगळा तांब्या, सगळं सोंग यथासांग. हसू नका. पहिल्या वेळी देवाच्या भीतीनं रडले, आता निर्ढावले.

असं का, ते तुम्ही ओळखलं असेल. घरात गरवार बाई असली की पहार लावायची नाही, खणायचं नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही. मी तोंड उघडलं की त्या नव्या खोलीची जमीन आहे तशी राहणार आणि माझं बाळंतपण तिच्यावरच होणार. बोरीला माहेरी जा म्हणाल, तर आई गेल्यापासून बापू स्वतःच्या हातानं भाकरी थापून खातात, ते बाळंतीण काय सांभाळणार? इथली जुनी बाळंतिणीची खोली पाडूनच मामंजींनी ही नवी बांधली. राहिलं माजघर, तर त्याला लागून देवघर. तिथं विटाळ चालत नाही.

मामंजींच्या मनात वाईट नव्हतं. निजामाच्या तामीरातीत, म्हणजे बांधकाम खात्यात, ओव्हरसियर असताना त्यांनी हैद्राबादेस कुणा साहेबाच्या बंगल्यात सागवानी फळ्यांची जमीन पाहिली होती. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला पायाखाली शहाबादी फरशीचा गारठा नको, म्हणून त्यांनी शिमिटाचा कोबा घालून वर फळ्या ठोकल्या. पण कोबा घातला भर श्रावणात, तोही काळ्या मातीवर. आणि तुम्ही सातव्या महिन्यात येणार, त्याच्या आत ठोकाठोकी उरकायची. कोबा वाळला नव्हता. उघडा राहिला असता तर वारा लागून हळूहळू वाळला असता. फळ्या ठोकल्यावर ती ओल जाणार कुठं? तुमच्या अंगाखालची गोधडी मी रोज उन्हात टाकत होते. तिची खालची बाजू पिळली तर पाणी निघायचं. तुम्ही स्वतः हात लावून बघितलं होतंत.

इथं अजून म्हणतात, प्रमोदिनीनं खिडकी उघडली आणि वारं लागून बाळ गेलं. तुम्ही ती का उघडलीत, मला माहीत आहे. शेगडी पेटली की त्या खोलीत ओल्या गोणपाटासारखी कुबट वाफ सुटायची. बाळाची छाती घरघरायला लागली ती खिडकी उघडायच्या आधीपासून. मी तिथं होते.

मामंजी तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहून बोलायची आपल्या घरात रीत नाही. तुमच्या दादांचं म्हणाल, तर 'बघू' या एका शब्दावर त्यांचा संसार चालला आहे. तेव्हा तुम्ही दोनच ओळी घाला. नाना, जमीन ओली आहे, फळ्या काढून टाका. आता काढल्या तर दिवाळीनंतरच्या उन्हावाऱ्यानं कोबा वाळून जाईल. माझ्या पोटाविषयी मात्र लिहू नका.

तुमची वहिनी
सुमंगला


परभणी, आषाढ शुद्ध १३

वन्सं,

पत्र नाही. पोचलं नसेल म्हणावं, तर तुमच्या दादांनी स्वतः स्टेशनावर जाऊन टाकलं आहे. म्हणजे पोचलं आहे.

पाऊस लागून राहिला आहे. खोलीतल्या फळ्यांचे काठ वर आलेत आणि मध्ये खोलगट झालंय. चालताना अंगठा अडकतो. दार खाली घासतं, म्हणून तुमच्या दादांना खांदा लावून ढकलावं लागतं. मामंजी म्हणतात, "पावसाळ्यात लाकूड फुगतंच. त्याचं काय एवढं?" फुगतं, मान्य. पण माझा पाटही लाकडाचाच आहे, तो कुठं वाकडा झाला?

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. फळ्या बसवायच्या आदल्या संध्याकाळी मामंजींनी माझ्याकडून कणकेचा गोळा मागवून घेतला. मला वाटलं, मासे पकडायचा नाद लागला की काय या वयात. त्यांनी कोब्यावर पितळी परात पालथी घातली आणि कडेनं कणीक लिंपून टाकली. ही त्यांची नोकरीतली युक्ती. ठेकेदारानं केलेली जमीन वाळली की नाही हे ते असं बघायचे आणि ओली निघाली तर काम नापास करायचे. सकाळी मी दूध घेऊन गेले, तेव्हा ते परात उचलत होते. परातीच्या आत घाम फुटल्यासारखे थेंब होते आणि तेवढा कोबा काळा पडला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग उपरण्यानं परात पुसली. "पोरगी परवा यायलीय. आता थांबून कसं जमंल?" एवढं म्हणाले आणि सुताराला हाक मारली. त्या दिवसापासून ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत.

तुमच्यावरच्या मायेनं केलं, यात शंका नाही. पण त्यांना माहीत होतं.

काल सासूबाईंचे गुडघे चोळायला धुरपताबाई सुईण आली होती. मी आपली कोपऱ्यात घोंगडीवर. सासूबाई तेल कोमट करायला आत गेल्या, तशी ती माझ्याजवळ सरकली.

"वैनी, कोपऱ्यात कशाला बसलाव? मला काय आंधळी समजायलाव का?"

मी हात जोडले.

"मी न्हाई बोलत कुनाला. पर किती दिस झाकताल? कोंबडं झाकलं म्हून उजाडायचं ऱ्हातंय व्हय?"

जाताना ती त्या खोलीच्या दाराशी थांबली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "हितं मी पुन्ना बाळंतपन करायची न्हाई. लय वंगाळ जागा हाय."

मामंजी रोज दुपारी त्याच खोलीत खुर्ची टाकून बसतात. परवा सासूबाईंना म्हणत होते, "एक डाव सूनबाईचं बाळंतपण ह्या खोलीत नीट होऊ दे. मग बघतो कोण जमिनीला नावं ठेवायलंय." सासूबाईंनी त्यासाठी पोखर्णीच्या नरसिंहाला नवसही बोलून टाकला. बिचाऱ्यांना कुठं ठाऊक की लेकरू पोटात आहे. ऐकून मला फार भीती वाटली. अजून जन्माला यायचं आहे, त्या जिवाला हे आतापासून साक्षीला उभं करायलेत.

दोन ओळी, वन्सं. फार मागत नाही मी.

सुमंगला


परभणी, श्रावण शुद्ध ९

वन्सं,

सगळं मुसळ केरात गेलं.

दार अजिबात लागेना, तेव्हा तुमच्या दादांनी जन्मात पहिल्यांदा 'बघू' सोडून दुसरं काही म्हटलं. नाना, दाराजवळच्या दोन फळ्या तरी काढून बघू या, म्हणाले. मामंजी कसे कोण जाणे, हो म्हणाले. नागपंचमीला कुदळ-पहार चालत नाही, म्हणून ती होऊ दिली. काल सुतार आला. मी मनात म्हटलं, दोन निघाल्या की खालचं सगळं दिसेल, मग बाकीच्या काढाव्याच लागतील. सोंगाचं सार्थक झालं म्हणून मी त्याच्यासाठी गुळाचा खडा आणि पाणी घेऊन दारात उभी राहिले.

त्यानं पहार घातली. खिळे करकरले, फळी उचलली गेली आणि खालून असा भपकारा आला की माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं आणि त्यांचा हात माझ्या पोटावर. त्यांना एका हातानं कळलं. ओरडल्या, "पहार टाका खाली! अहो, सूनबाईला दिवस गेलेत!"

सुतारानं पहार अशी टाकली जणू ती विस्तवात तापवली होती.

घरात साखर वाटली. मला कुणी रागावलं नाही, हे सांगते. सासूबाईंनी दृष्ट काढली. मामंजींनी ती फळी होती तशी जागेवर ठेवायला लावली. खिळा ठोकायचा नाही, म्हणून राळ आणि मेण पातळ करून सगळ्या फटी बुजवून घेतल्या. खोलीभर. म्हणाले, आता खालचा वास वर येणार नाही. थोडीफार ओल त्या फटींतून बाहेर पडत होती, तीही वाट गेली.

ओसरीच्या पडवीला तट्ट्या लावून तिथं मला ठेवा, असं मी तुमच्या दादांकडून सुचवलं. जमीन शेणानं सारवलेली, कोरडी. मामंजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आता फळ्यांचं राहू द्या. तुम्ही नुसतं एवढं लिहा, नाना, वहिनीला त्या खोलीत ठेवू नका. कारण लिहू नका वाटलं तर. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

सुमंगला


परभणी, आश्विन वद्य ६

प्रमोदिनीवन्संना,

तुमचं पत्र आलं. मला नाही, मामंजींना.

त्यांनी ते ओसरीवर सगळ्यांना बसवून वाचलं. मी दाराआड होते. लेकीचं अक्षर म्हणून त्यांनी कागद आधी कपाळाला लावला. मला वाटलं, सुटले. मग त्यांनी वाचलं ते असं, "नाना, तुम्ही माझ्यासाठी बांधलेली खोली फार ऊबदार होती. खिडकी मीच उघडली. चूक माझी होती, तुमची नव्हे. मी गेल्यापासून तुम्ही धड जेवत नाही असं आईनं कळवलं आहे, तसं करू नका. वहिनीचं त्या खोलीत चांगलंच होईल."

मामंजी रडले. मी या घरात आल्यापासून त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाई रडल्या, तुमचे दादाही रडले. त्या दिवशी मामंजी पोटभर जेवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीला चुन्याचा हात द्यायला माणूस लावला.

भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत केलीत.

तुम्ही असं का लिहिलंत, ते मला कळतं. माझ्या जागी दुसरी असती तर म्हणाली असती, माहेर परत मिळावं म्हणून लिहिलं. मी तसं म्हणणार नाही. तुम्ही बापाचा जीव वाचवायला लिहिलंत. बापाचा जीव मोठा आहे, कबूल. पण तो वाचवायला माझं लेकरू का? स्वतःचं लेकरू गेलं त्याचा आळ तुम्ही अंगावर घेतलात, तो तुमचा हक्क. पण 'वहिनीचं त्या खोलीत चांगलंच होईल' हे कुणाच्या हक्कानं लिहिलंत? गोधडीचं पाणी तुमच्या हाताला लागलं होतं. माझ्या एकटीच्या नाही.

मला तुमचा फार राग आला आहे. तरी शेवटचं मागते, कारण मागायला दुसरं कुणी नाही. अजून दोन महिने हातात आहेत. नानांना पुन्हा लिहा. खरं लिहा. ते मरणार नाहीत खऱ्यानं. माणूस खोट्यानं जेवतो, तसं खऱ्यानं उपाशी राहील चार दिवस, मग जेवेल.

सुमंगला


परभणी, माघ वद्य २

सौ. प्रमोदिनी यांस,

तुमचं पत्र मिळालं. मला म्हणून आलेलं हे पहिलंच. विचारलं आहे म्हणून लिहिते.

मुलगा झाला होता. पौषात. धुरपताबाई आधी यायला तयार नव्हती. सासूबाई तिच्या दारी जाऊन बसल्या, तेव्हा आली. गोरं होतं, डोक्यावर दाट केस. रडायला लागलं की ओसरीपर्यंत ऐकू जायचं. मामंजी बाहेरून म्हणायचे, "आवाज बघा, आवाज! खणखणीत." पहिले काही दिवस घरात सण असल्यासारखं होतं.

खिडकी मी एकदाही उघडली नाही. आत जायच्या दिवशीच सासूबाईंच्या देखत तिच्या कड्यांना सुतळी बांधून घेतली आणि गाठ त्यांनाच मारायला लावली. मला गुदमरायचं तर गुदमरू दे, पण उद्या कुणी वाऱ्याचं नाव घ्यायला नको. शेगडी पेटायची, धुरी व्हायची, मोरीत न्हाणं व्हायचं, आणि फळ्यांतून ओल वर यायची. राळेनं तिला थोपवलं नाही. बाजेखालच्या भिंतीला काळे ठिपके आले. माझ्या लुगड्यांनाही तो वास. मग त्याची छाती घरघरायला लागली. तो आवाज मी ओळखला. तुम्हीही ओळखला असता.

मी त्याला छातीशी धरून उठले आणि उंबऱ्यापर्यंत आले. म्हटलं, पडवीत जाऊन बसते, विटाळ होईल तो होऊ दे. दारात मामंजी उभे होते. "सूनबाई, बाहेर वारं हाय. आत चला," म्हणाले. सासऱ्याच्या अंगाला अंग लावून सुनेनं कसं जावं? मी तोंडातून शब्द काढला, पहिल्यांदाच. "मामंजी, बाजूला व्हा." ते हलले नाहीत. मला वाटतं, त्यांना हलता आलं नाही. मी परत फिरले.

डॉक्टर आले होते. त्यांनी औषध दिलं. तिसऱ्या प्रहरी गेला.

यावेळी वाऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही. सासूबाई खिडकीकडं बघत होत्या. गाठ त्यांचीच होती. त्यांनी तोंडात पदर कोंबला.

सुतक फिटल्यावर मामंजींनी स्वतः पहार घेतली. घरात गरवार कुणी नव्हतं, त्यामुळं अडवायलाही कुणी आलं नाही. एकटेच एकेक फळी उपटत होते. फळ्यांची खालची बाजू काळी पडून भुसभुशीत झाली होती, तिच्यावर पांढरी बुरशी. कोब्यावर बोटं टेकली की पाणी वर यायचं. ते त्या पाण्यातच बसून राहिले. दुपारी मी भाकरी घेऊन गेले, तर म्हणाले, "सूनबाई, प्रमोदिनीला लिहा. तिच्या खिडकीनं काही झालं नव्हतं. जमिनीनं झालं. मला परातीतच दिसलं होतं."

मी म्हटलं, "तुम्ही लिहा."

"माझा हात उठायला न्हाई, माय," म्हणाले.

सासरा सुनेला माय म्हणाला. यापुढं आणखी काय म्हणायचं राहिलं? म्हणून त्यांच्यावतीनं हे लिहिलं. तुमच्यावरचा आळ गेला. माझा मुलगा गेला तेव्हा गेला. मी खिडकी बांधून घेतली ती स्वतःला आळ लागू नये म्हणून. त्यानं तुम्ही सुटलात. तुमच्या मनाला थोडी शांती मिळाली तर मिळो. मी अडवत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळींविषयी. शिमग्याला येते म्हणता, वहिनी, तुमच्या गळ्यात पडून एकदा रडून घेते म्हणता. या. नाना तुमची वाट बघतात. ते फार खंगले आहेत, त्यांना तुमची गरज आहे. सासूबाई पुरणाचं करतील. घर तुमचं आहे आणि माहेर कुणाचं तुटू नये, हे मी मनापासून लिहिते.

मी तेव्हा बोरीला बापूंकडं असेन. तुमच्या दादांना सांगितलं आहे, तेही 'बघू' म्हणाले नाहीत. तुम्ही हवं तितकं राहा. तुम्ही गेल्याचं कळलं की मी परत येईन. आणि यापुढंही जेव्हा केव्हा याल, तेव्हा दादांना आधी कळवत चला, म्हणजे मला वेळेत निघता येईल.

सुमंगला